एका मुलामागे एक माणूस, निदान वर्षभर

१९३९ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, केंब्रिज आणि सॉमरव्हिल या शहरांत, एक मोठा प्रयोग सुरू झाला. वय, स्वभाव, घरची परिस्थिती यांत एकमेकांशी मिळत्याजुळत्या मुलांच्या जोड्या लावल्या आणि नाणं उडवून ठरवलं की जोडीतल्या कोणत्या मुलाला मदत द्यायची. समुपदेशक महिन्यातून साधारण दोनदा मुलाच्या घरी जायचा, अभ्यास बघायचा, गरज पडली तर दवाखान्यात न्यायचा, खेळायला न्यायचा. सरासरी साडेपाच वर्षं हे चाललं. पुढे तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड या संशोधिकेने त्या २५३ जोड्यांतल्या म्हणजे ५०६ जणांचा माग काढला आणि १९७८ मध्ये निष्कर्ष छापले. मदत मिळालेले बहुतेक जण म्हणत होते की आमचं भलं झालं. आकडे मात्र उलट निघाले. दारूचं व्यसन, पुन्हा पुन्हा गुन्हे, अकाली मृत्यू, हे सगळं मदत मिळालेल्यांतच थोडं जास्त होतं.

चांगल्या मनाने केलेल्या कामातून हे कसं झालं? पुढच्या विश्लेषणात दिसलं की नुकसान मुख्यतः त्या मुलांचं झालं, ज्यांना उन्हाळी शिबिरांना एकाहून अधिक वेळा पाठवलं होतं. वाट चुकू पाहणारी मुलं एकत्र ठेवली की ती एकमेकांना दाद देतात. कुणी चोरीची बढाई मारली की बाकीचे हसतात, आणि ते हसणं म्हणजेच शाबासकी. शिवाय मध्येच महायुद्ध आलं, अनेक समुपदेशक निघून गेले आणि मुलांच्या वाट्याला नवी नवी माणसं येत राहिली.

आपल्याकडे मुलांसाठी काही करायचं ठरलं की पहिलं सुचतं ते शिबिर. मांडव, पाहुणे, भाषण, नाश्ता, प्रमाणपत्र. शाळेतल्या सगळ्या मुलांसाठी ते ठीक आहे. पण शाळा सुटलेली, गॅरेजवर किंवा ढाब्यावर लागलेली, बाल न्याय मंडळापुढे जाऊन आलेली मुलं निवडून त्यांचंच वेगळं शिबिर भरवणं टाळलं पाहिजे. अशा मुलांसाठी जास्त अभ्यासलेली पद्धत दुसरी आहे: एका मुलामागे घराबाहेरचा एक मोठा माणूस, दर आठवड्याला, निदान वर्षभर.

या पद्धतीची सर्वांत गाजलेली चाचणी १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ या अमेरिकी संस्थेकडे आलेल्या १० ते १६ वयाच्या ९५९ मुलांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निवडून लगेच मार्गदर्शक दिले, उरलेल्यांना प्रतीक्षा यादीत ठेवलं. दीड वर्षाने पाहिलं तर मार्गदर्शक मिळालेल्या मुलांत अमली पदार्थ पहिल्यांदा घेण्याचं प्रमाण ४६ टक्क्यांनी, दारू सुरू करण्याचं २७ टक्क्यांनी आणि शाळा बुडवण्याचं ५२ टक्क्यांनी कमी होतं. मारामारीही सुमारे एक तृतीयांशाने कमी.

हे आकडे वाचून हुरळून जाऊ नये. २०१९ मध्ये ७० अभ्यास एकत्र करून काढलेला सरासरी परिणाम ०.२१ आला. सोप्या भाषेत, शंभर मुलांच्या रांगेत बरोबर मध्ये उभं असलेलं मूल मार्गदर्शकामुळे थोडं पुढे, मागून मोजलं तर साधारण अठ्ठावन्नाव्या जागी सरकतं. परिणाम माफक आहे, पण खरा आहे. आणि ही सरासरी आहे. तिच्या आत मूल आणि मार्गदर्शक यांच्या खूप यशस्वी जोड्या आहेत, तशा नुकसान करणाऱ्याही आहेत.

त्या दोन प्रकारांत फरक कशाने पडतो, हे त्याच ९५९ मुलांची माहिती पुन्हा तपासून जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांनी २००२ मध्ये दाखवलं. वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या जोड्यांतल्या मुलांना सर्वाधिक फायदा झाला. तीन महिन्यांच्या आत मोडलेल्या जोड्यांतली मुलं मात्र आधीपेक्षा खाली गेली: ‘मी काही कामाचा नाही’, ‘मला अभ्यास जमत नाही’ ही भावना वाढली. ज्याला आधीच कुणीतरी सोडून गेलंय, त्याला आणखी एक माणूस सोडून गेला. या विषयातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवावी. तीन महिन्यांत मोडणारी जोडी लावण्यापेक्षा न लावलेली बरी.

मुळात ही पद्धत का चालते? शाळेतल्या प्रगतीचा बराच भाग आईवडिलांशी नातं सुधारल्यामुळे येतो, असं २००० सालच्या एका विश्लेषणात दिसलं. बाहेरच्या मोठ्या माणसाशी मोकळं बोलायची सवय झाली की घरीही बोलणं निघतं. दुसरं कारण मेंदूशी जोडलेलं आहे. किशोरवयात लगेच मिळणाऱ्या मजेकडे ओढणारा मेंदूचा भाग जोरात असतो, आवर घालणारा पुढचा भाग अजून घडत असतो, आणि मित्र बघत असले की ओढ आणखी वाढते. अमेरिकेत १८ ते २२ वयाच्या तरुणांवर केलेल्या प्रयोगात, गटात थोडा मोठा एक माणूस नुसता बसलेला असला तरी धोका पत्करण्याचं प्रमाण खाली आलं. त्याने उपदेश केला नव्हता.

मराठवाड्यात ऊस आणि कोयता यांना बाजूला ठेवून हा कार्यक्रम आखता येत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड, जालना, परभणी, हिंगोलीकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. घरात उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, आलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, म्हणजे जोडप्यालाच काम मिळतं, म्हणून हंगामाच्या तोंडावर मुलीचं लग्न उरकण्याचा दबाव येतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी १८ च्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण परभणीत ४८ टक्के, बीडमध्ये सुमारे ४४ टक्के होतं. राज्यात ते २२ टक्क्यांच्या आसपास आहे. नववी-दहावीतली मुलगी आणि आईबाप टोळीबरोबर गेलेला मुलगा, मार्गदर्शकाची सर्वांत जास्त गरज यांना आहे.

म्हणून कॅलेंडर आधी, बाकी सगळं नंतर. जोड्या जून-जुलैत, शाळा उघडताच लावाव्यात. जानेवारीत लावलेली जोडी परीक्षा, सुट्टी आणि टोळीचं परतणं यांत सापडून तीन महिन्यांच्या आत मोडण्याची भीती असते. जूनमध्ये सुरुवात केली तर दसऱ्यापर्यंत चार महिने मिळतात. तेवढ्यात आईवडिलांची लेखी संमती, त्यांची आणि मार्गदर्शकाची समोरासमोर भेट, आणि ‘हंगामात मूल कुठे असेल’ याचा निर्णय, ही तीन कामं उरकली पाहिजेत. मूल आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहणार असेल तर भेटी तशाच चालू ठेवता येतात. उलट याच पाच महिन्यांत एकही आठवडा चुकवू नये. मूल टोळीबरोबर जाणार असेल तर कारखान्याचं नाव, मुकादमाचा आणि वडिलांचा नंबर लिहून घ्यावा, मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं यासाठीचं) काढून द्यावं आणि फोनचा वार ठरवावा. वेळ संध्याकाळची, टोळी कोपीवर (झोपडीवर) परतल्यानंतरची. फोन वडिलांकडे असतो, गाडी भरायची असली तर तो लागत नाही. म्हणून एक वार मुख्य, एक राखीव. आठवड्याला दहा मिनिटं पुरतात. परतल्यावर आठ दिवसांच्या आत पहिली भेट.

मार्गदर्शक कोण असावा, यावर फार खल होतो. महाविद्यालयीन विद्यार्थी उत्साही असतात, पण स्पर्धा परीक्षेसाठी अचानक पुण्याला निघून जातात. राष्ट्रीय सेवा योजनेचा स्वयंसेवक मात्र या कामात चपखल बसतो: नोंदणी दोन वर्षांची, वर्षाला १२० तास, आणि आठवड्याला दोन तासांची भेट वर्षभर धरली तरी शंभराच्या आसपासच तास होतात. द्वितीय-तृतीय वर्षात जोडी न लावता प्रथम वर्षातच लावली म्हणजे झालं. निवृत्त शिक्षक, बचत गटातल्या बाया, बँकेतले कर्मचारी हेही चांगले, पण बदलीची शक्यता आधी विचारून घ्यावी. मुलाखतीतला सगळ्यात कामाचा प्रश्न हाच: ‘पुढच्या दिवाळीला तुम्ही कुठे असाल?’ उत्तर ठाम नसेल तर त्या व्यक्तीला हिशेब, प्रवासाची सोय असं दुसरं काम द्यावं. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी आणि ओळखीच्या दोघांकडे चौकशी, यांत सवलत कुणालाच नाही, अगदी सरपंचाच्या पुतण्यालाही नाही.

जोडी जुळवताना शिक्षण किंवा हुद्दा यापेक्षा आवड एक असणं जास्त उपयोगी पडतं. ७३ कार्यक्रमांच्या २०११ मधल्या आढाव्यातही हे दिसलं. कबड्डी, मोबाइल दुरुस्ती, शेळ्या, शिवण, काहीही चालेल. मुलीला ताईच द्यावी, नाहीतर घरचे पाठवणार नाहीत आणि गाव बोलेल. बंजारा तांड्यावरच्या मुलाला गोरमाटी ही त्याची बोली समजणारा माणूस मिळाला तर पहिले दोन महिने वाचतात. दोघांच्या घरांत अर्ध्या तासापेक्षा जास्त अंतर नको. एसटी चुकली की भेट चुकते, आणि लागोपाठ तीन भेटी चुकल्या की जोडी संपल्यातच जमा.

प्रशिक्षण निदान दोन तासांचं, जमल्यास दोन दिवसांत मिळून सहा तास. त्यातला निम्मा वेळ ‘काय करायचं नाही’ यावर घालवावा. पैसे उसने द्यायचे नाहीत. मुलाला एकट्याला आपल्या घरी न्यायचं नाही. भेट शाळेच्या ओट्यावर, ग्रंथालयात, मैदानावर, पारावर, म्हणजे चार लोकांच्या नजरेत. आईवडिलांची बाजू खोटी ठरवायची नाही. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन तर कधीच द्यायचं नाही, कारण मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती कळल्यावर पोलिसांना ती देणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. मुलाला आधीच सांगून ठेवावं: तुझ्या जिवाला धोका असेल ते मी समन्वयकाला, म्हणजे सगळ्या जोड्यांवर लक्ष ठेवणाऱ्या माणसाला, सांगेन, बाकी आपल्या दोघांत.

अनेक जोड्या सुरुवातीच्या महिन्यांतच मोडतात, आणि कारण बहुधा मोठ्या माणसाच्या घाईत असतं. तो पहिल्याच दिवशी वही उघडतो, पाढे विचारतो, ‘मोठं होऊन काय व्हायचंय’ म्हणतो. मूल मान खाली घालून ‘हो’ म्हणतं आणि पुढच्या वेळी येत नाही. मुलाला सुधारण्याचा कार्यक्रम आधीच ठरवून आलेले आणि मुलाच्या कलाने सुरुवात करणारे, असे दोन गट १९९५ च्या एका पाहणीत वेगळे काढले होते. पहिल्या गटातल्या बहुतेक जोड्या काही महिन्यांत विस्कटल्या, दुसऱ्यातल्या बहुतेक टिकल्या. तेव्हा पहिले दोन महिने अभ्यासाचा विषय मुलाने काढला तरच काढावा. सायकलचं पंक्चर काढा, क्रिकेटचा सामना ऐका, बाजाराला जाऊन या. काय करायचं हे दर भेटीत मुलानेच ठरवावं, निदान दोन पर्यायांतून निवडावं. मूल न सांगता गैरहजर राहिलं तर बऱ्याचदा ते पाहत असतं की हा माणूस पुन्हा येतो का. मार्गदर्शकाने ठरल्या वेळी, ठरल्या जागी अर्धा तास थांबावं आणि जाताना घरी निरोप ठेवावा: ‘पुढच्या रविवारी इथेच.’ त्यात रागाचा शब्द नको.

हे धीराचं काम मार्गदर्शकाला एकट्याने झेपत नाही. त्यासाठी पगारी समन्वयक लागतो. पहिल्या महिन्यात त्याने दोघांशी वेगवेगळं, दोनदा बोलावं, पुढे दर महिन्याला एकदा. एका समन्वयकाकडे पंचवीसच्या वर जोड्या देऊ नयेत. निधी कमी पडला की संस्था पहिली कात्री याच पदाला लावतात, आणि सहा महिन्यांत नोंदवहीतल्या निम्म्या जोड्या फक्त कागदावर उरतात. पैसे कमी असतील तर जोड्या कमी करा.

मुलीच्या लग्नाची बोलणी चालल्याचं कळलं तर मार्गदर्शकाने स्वतः मांडवात जाऊन भांडू नये. त्याने मुलीवरचाच पहारा वाढतो. समन्वयकाला त्याच दिवशी कळवावं आणि त्याने १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करावा. गावात ग्रामसेवक (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, अंगणवाडी सेविका त्यांना मदत करतात. ताईने पुढेही ठरलेल्या वारी भेटत राहावं, कारण लग्न थांबल्यानंतरचे महिने त्या मुलीला घरात फार जड जातात.

फायदा मोजताना ‘आत्मविश्वास वाढला’ असं लिहू नये. शाळेच्या हजेरीपटातले दिवस, झालेल्या भेटींची संख्या, मूल संकटात पहिला फोन कुणाला करतं, हे लिहावं.

आणि जोडी संपवायचीही रीत आहे. बदली, लग्न, नोकरी, कधीतरी ती संपणारच. निदान सहा आठवडे आधी मुलाला तारीख सांगावी, फोनवर नाही, समोर बसून. त्यानंतरच्या भेटी एकही न चुकवता कराव्यात आणि शेवटच्या भेटीला समन्वयक हजर असावा. पुढे फोन करणार असाल तर किती दिवसांनी, हे नक्की सांगा. जमणार नसेल तर ‘येत जाईन’ असं तोंडदेखलं बोलू नका. पंधरा दिवसांनी समन्वयकाने मुलाच्या घरी जाऊन विचारावं, दुसरा दादा किंवा ताई हवी का, आणि मुलाने ‘नको’ म्हटलं तरी दोन महिन्यांनी पुन्हा एकदा विचारावं.