टॉवर स्पीकरचे पाय

जमिनीवर थेट उभ्या राहणाऱ्या उंच स्पीकरच्या तळाशी बसवलेल्या तीन-चार आधारांना स्पीकरचे पाय म्हणतात. धातूचे टोकदार स्पाइक, रबराचे गट्टू, फेल्टच्या चकत्या आणि स्प्रिंग किंवा मऊ पॉलिमर असलेले कंपरोधक पाय हे त्यांचे नेहमीचे प्रकार. यांतला चांगला कोणता, या प्रश्नाला खालची जमीन पाहिल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

स्पीकरचा शंकू, म्हणजे आवाज काढणारा हलता पडदा, पुढे सरकतो तेव्हा तेवढ्याच जोराने स्पीकरचे खोके मागे रेटले जाते. शंकूचे वजन ३० ग्रॅम आणि खोक्याचे ३० किलो धरले, तर शंकू ५ मिलिमीटर सरकताना मोकळे सोडलेले खोके त्याच्या हजाराव्या हिश्शाने, म्हणजे ५ मायक्रॉन हलेल. ही हालचाल फार किरकोळ आहे. मात्र उंच, अरुंद खोके डुगडुगत असेल तर ती वाढते. म्हणून पायांचे पहिले काम स्पीकर पक्का उभा ठेवण्याचे आणि दुसरे, खोक्याची थरथर जमिनीत किती जावी हे ठरवण्याचे. स्पाइकमधून कंप खाली जातो पण वर येत नाही, असे अनेकदा सांगितले जाते. ते खरे नाही. घट्ट सांध्यातून कंप दोन्ही दिशांनी सारखाच जातो.

स्पाइकचा खरा उपयोग गालिच्यावर. ब्रिटन-अमेरिकेतल्या घरांत भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा अंथरलेला असतो, आणि त्याच्या मऊ थरावर जड स्पीकर डुलतो. टोकदार स्पाइक गालिच्याचे धागे बाजूला सारून खालच्या घट्ट जमिनीवर टेकतो आणि डुलणे थांबते. तिथल्या कंपन्या टॉवर स्पीकरबरोबर स्पाइक देत आल्या, आणि स्पीकरबरोबर आयते मिळाले म्हणून ते आपल्याकडेही बसवले जातात.

महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत मात्र काँक्रीटच्या स्लॅबवर लादी, संगमरवर, कोटा किंवा शहाबादी फरशी असते. ही जमीन मुळातच घट्ट असल्याने स्पाइकला भेदून जाण्यासारखा मऊ थर तिथे नसतो. उलट गुळगुळीत व्हिट्रिफाइड लादीवर स्पाइक घसरतो आणि ओरखडा कायमचा राहतो. ३० किलोच्या स्पीकरचा भार चार टोकांवर वाटला, तर प्रत्येकी साडेसात किलो येतात. टोक १ चौरस मिलिमीटरचे असेल, तर हा दाब एका चौरस सेंटिमीटरला ७५० किलो इतका होतो. लादी बोटाच्या पेराने ठोकून पाहावी. पोकळ वाजली तर खाली मसाला नीट भरलेला नाही, आणि तिथे टोकाखाली ती तडकू शकते. अशा घरात रबराचे रुंद पाय पुरेसे असतात. स्पाइक ठेवायचेच असतील, तर खाली मधोमध खळगा असलेल्या धातूच्या चकत्या हव्यात, आणि चकतीच्या तळाला रबर किंवा फेल्ट असावे. लाकडी पार्केट किंवा लॅमिनेटवर तर अशा चकतीशिवाय स्पाइक टेकवूच नये.

तुळयांवर फळ्या टाकलेली लाकडी जमीन हा सर्वांत अवघड प्रकार. ब्रिटनमधल्या जुन्या घरांत ती सर्रास आढळते. आपल्याकडे जुन्या वाड्यांच्या माडीवर. टाच आपटली की ती ढोलासारखी घुमते. तिथे स्पाइक लावले तर खोक्याचा कंप थेट फळ्यांना मिळतो, आणि खर्ज जाड व अस्पष्ट होतो. अशा जमिनीवर कंपरोधक पायांचा खर्च सार्थकी लागतो. जाड फरशीचा तुकडा खाली ठेवून त्यावर मऊ पाय बसवले, तरी फरक ऐकू येतो.

कंपरोधक पाय वजनावरून निवडावे लागतात. स्पीकर ठेवल्यावर पाय १ मिलिमीटर दबला तर त्या जोडणीची नैसर्गिक वारंवारता, म्हणजे धक्का दिल्यावर ती आपोआप सेकंदाला जितक्या वेळा डोलते तो आकडा, सुमारे १६ हर्ट्झ येते, ४ मिलिमीटर दबला तर ८ हर्ट्झ. रबराच्या बाबतीत ती यापेक्षा थोडी जास्तच असते. या वारंवारतेच्या साधारण १.४ पटीच्या वर कंप अडू लागतात. बास गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झला वाजते, तेव्हा ८ हर्ट्झची जोडणी तिला सहज पुरते. हलक्या स्पीकरखाली फार कडक पाय असले तर ते दबतच नाहीत, आणि जड स्पीकरखाली फार मऊ असले तर पूर्ण चेपून बसतात. दोन्हींत पैसे वाया जातात. कॅनडातील आयसोअकूस्टिक्स कंपनी तिच्या गाया मालिकेतले पाय म्हणूनच स्पीकरच्या वजनानुसार वेगवेगळ्या आकारांत विकते.

खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून असे पाय घेणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे. स्लॅबमध्ये थेट जाणारी थरथर या पायांमुळे कमी होते, पण खर्जाचा मोठा भाग हवेतून स्लॅबवर आदळतो, आणि त्यावर पायांचा काहीच इलाज चालत नाही. तिथे आवाजच कमी करावा लागतो.

पाय बसवताना स्पीकर दोघांनी आडवा करावा. आटे बहुधा एम६ किंवा एम८ मापाचे, म्हणजे ६ किंवा ८ मिलिमीटर व्यासाचे असतात, काही अमेरिकन स्पीकरना पाव इंची. न मोजता बोल्ट रेटला तर खोक्यातले आटे खराब होतात. जुन्या फरशीला पाणी वाहून जाण्यासाठी ढाळ दिलेला असतो, त्यामुळे पाणसळ लावून एकेक पाय वर-खाली फिरवावा आणि शेवटी लॉक नट आवळावा. पाय उंच झाले की ट्वीटरही (बारीक, उंच स्वर वाजवणारा छोटा भाग) कानाच्या रेषेच्या वर जातो, आणि तळाला पोर्ट (हवा आत-बाहेर जाण्याचे भोक) असलेल्या स्पीकरमध्ये खर्जही बदलतो. अशा वेळी तळ आणि जमीन यांत कंपनीने सांगितलेली फट तेवढीच ठेवावी. काही रबरांतला तेलकट अंश कालांतराने संगमरवरात झिरपतो किंवा व्हिनाइलवर पिवळट डाग पाडतो. तो डाग पुसून जात नाही, म्हणून रबराखाली काचेची किंवा स्टीलची पातळ चकती ठेवतात. चकती घसरत असेल तर तिच्या तळाला फेल्ट चिकटवतात.