आर्किमिडीजचा टब राहू दे, तराजूचं बघा

घनता म्हटलं की सगळ्यांना टबातून उठून युरेका ओरडत पळणारा आर्किमिडीजच आठवतो. राजाच्या सोन्याच्या मुकुटातली भेसळ सरकलेल्या पाण्यावरून पकडल्याची ती गोष्ट आपल्याला कळते व्हिट्रुव्हिअसकडून, म्हणजे आर्किमिडीजनंतर जवळजवळ २०० वर्षांनी लिहिणाऱ्या रोमन माणसाकडून, आणि हिशोब करून बघितला तर ती पटतच नाही. समजा १ किलोचा मुकुट आहे आणि त्यात ३०० ग्रॅम चांदी मिसळलीय. शुद्ध सोन्याने साधारण ५२ सीसी पाणी सरकेल, भेसळीने ६५. आता २० सेंटिमीटर रुंद भांड्यात या १३ सीसीने पातळी किती बदलणार, तर अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही! वरून काठाला पाणी फुगून राहतं ते वेगळंच.

पण तेच तराजूवर करा. एकीकडे मुकुट, दुसरीकडे १ किलो सोनं, हवेत बरोबर तोललं आणि मग दोन्ही पाण्यात बुडवलं की मुकुट १३ ग्रॅमने हलका भरतो, सरळ दिसतं.

११व्या शतकात अल बिरुनी या विद्वानाने बारीक नळीचं भांडं करून बाहेर पडलेलं पाणीच वजन केलं, आणि ११२१ मध्ये मर्व्हच्या (आजच्या तुर्कमेनिस्तानातलं शहर) अल खाझिनीने तराजूवरच अख्खा ग्रंथ लिहिला, त्यातल्या तराजूला पाच पारडी.

मग १५८६, गॅलिलिओ तेव्हा २२ वर्षांचा. त्यालाही टबाची पद्धत ढोबळ वाटली, म्हणून त्याने तराजूच्या दांडीवर बारीक तार गुंडाळली आणि वजन सरकवलं की किती वेढे झाले ते मोजायचं. वेढे इतके बारीक की डोळ्याने मोजता येईनात, मग टोकदार सुई हळू फिरवत हाताने आणि कानाने मोजायचे! मला तर हा भाग टबाच्या गोष्टीपेक्षा कितीतरी भारी वाटतो.

आजच्या लॅबमधलं डेन्सिटी किट म्हणजे तेच, फक्त डिजिटल. पॅनला न टेकणाऱ्या पुलावर बीकर, पाण्यात लटकणारी जाळी, हवेतलं वजन भागिले दोन वजनांतला फरक, गुणिले पाण्याची घनता, जी २० अंशाला ०.९९८२ असते म्हणून थर्मामीटर हवाच. आणि बुडबुडे झटकायचे, नाहीतर वस्तू पाण्यात हलकी भरते आणि घनता कमी येते.

एक गोची मात्र आहे, सोन्याची घनता १९.३ आणि टंगस्टन या धातूची १९.२५, त्यामुळे आत टंगस्टन भरलेलं बिस्किट नुसत्या तराजूने पकडणं जवळजवळ अशक्य, तिथे अल्ट्रासाउंड नाहीतर सरळ ड्रिल लागतं.