होंडाच्या ५० आणि ७०च्या पोटात काय सारखं, काय वेगळं

होंडाच्या मुलांसाठीच्या दोन छोट्या मोटरसायकली, सीआरएफ५०एफ आणि सीआरएफ७०एफ, शेजारी उभ्या केल्या, तर एक पाच-सहा वर्षांच्या पोराची वाटते आणि दुसरी त्याच्या ताईची. पहिलीची दोन्ही चाकं १० इंची, दुसरीचं पुढचं १४ आणि मागचं १२. इंजिनं मात्र सख्ख्या भावंडांसारखी. फरक कळतो तो हेड (सिलिंडरवरचं झाकण) उतरवल्यावर, सिलिंडरच्या तोंडाशी: पन्नासचा बोअर, म्हणजे सिलिंडरच्या भोकाचा व्यास, ३९ मिलिमीटर, सत्तरचा ४७. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली चाल, दोन्हींत ४१.४, अगदी दशांशासकट. हिशोब मांडला की निघतात ४९.४ आणि ७१.८ सीसी.

हा ४१.४चा आकडा या पोराटोरांच्या गाड्यांसाठी कोणी काढलेला नाही. मूळ गाडी सुपर कब, १९५८ची. चालवणाऱ्याला मधून पाय टाकून बसता यावं म्हणून तिचा सिलिंडर जवळजवळ आडवा झोपवला. सोईचिरो होंडांचे भागीदार ताकेओ फुजिसावा यांचा हट्ट असा, की सोबा नूडल्स पोहोचवणाऱ्या पोऱ्याला ती एका हाताने चालवता आली पाहिजे. म्हणून क्लचची मूठच काढून टाकली. आज सहा वर्षांचं पोर क्लच न दाबता गिअर टाकतं, ते त्या नूडल्सवाल्याच्या कृपेने.

पहिल्या कबचं इंजिन पुशरॉडचं होतं, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा कॅम खाली आणि मध्ये लांब दांड्या; माप बोअर ४०, स्ट्रोक ३९. १९६४ साली कबच्या सी६५ या मॉडेलमध्ये कॅम वर हेडमध्ये गेला आणि माप झालं ४४ बाय ४१.४. पुढे पन्नाससाठी बोअर ३९ केला, सत्तरसाठी ४७; स्ट्रोकला हात लावला नाही. माझ्या मते यात कारखान्याचा व्यवहार दिसतो. क्रँक (पिस्टनची वरखाली चाल गोल फिरवणारा दांडा) आणि केस (त्याभोवतीचं इंजिनचं कवच) यांचं मशिनिंग हे खर्चाचं काम. सिलिंडर वरून बसतो, तो बदलणं त्यामानाने स्वस्त.

कबचं इंजिन खेळण्यात शिरलं ते १९६१ साली. तोक्योजवळच्या तामा टेक या होंडाच्याच करमणूक उद्यानात मुलांसाठी झेड१०० नावाची चिमुकली गाडी फिरत होती. त्यातून मंकी ही छोटी मोटरसायकल आली, १९६८ साली अमेरिकेत झेड५०ए आणि १९७९ साली निव्वळ मातीतली झेड५०आर. एक्सआर७०आर १९९७ची, एक्सआर५०आर २०००ची. २००४मध्ये दोघींची नावं सीआरएफ झाली.

आपल्याकडे ज्याने स्प्लेंडरचं इंजिन खोललेलं पाहिलंय, त्याला हे आडवं पोट अनोळखी वाटणार नाही. १९८५ची सीडी१०० आणि मागून आलेली स्प्लेंडर याच घराण्यातल्या. फक्त माप ५० बाय ४९.५, म्हणजे ९७.२ सीसी.

पण स्ट्रोक सारखा म्हणजे पार्ट सारखा, असं धरून चालू नये. पिस्टन, रिंगा, सिलिंडर तर उघडच वेगळे. क्रँकचा फेरा तोच असला, तरी वजन, दाते, मॅग्नेटोकडचं (वीज तयार करणाऱ्या भागाकडचं) टोक जुळेलच असं नाही. खात्री करायची तर पार्ट नंबर वाचावा. होंडाच्या नंबरातले पहिले पाच आकडे वस्तू सांगतात (१३१०१ म्हणजे पिस्टन, १२१०० सिलिंडर), आणि मधली तीन अक्षरं किंवा आकडे तो पार्ट मुळात कुठल्या मॉडेलसाठी घडला ते. दोन्ही गाड्यांच्या कॅटलॉगमध्ये अख्खा नंबर तोच दिसला, तर वस्तू तीच. नुसतं दुकानदाराच्या ‘बसेल हो’वर पैसे मोजू नयेत.

२०१३मध्ये सत्तरच्या जागी सीआरएफ११०एफ आली आणि हे नातं विरळ झालं. तिचा बोअर ५०, सत्तरपेक्षा जेमतेम ३ मिलिमीटर जास्त. खरी वाढ स्ट्रोकमध्ये, ४१.४वरून थेट ५५.६. तेव्हा पन्नासच्या केसमध्ये ११०चा क्रँक बसवायचा बेत कोणी करत असेल, तर त्याने आधी बारीक मापं घेणारा व्हर्निअर हातात घ्यावा.