सर्वाधिक विजय मोठ्या विद्यापीठाच्या प्रशिक्षकाचे? नाही!

अमेरिकन कॉलेज फुटबॉल (अंडाकृती चेंडूचा, आपला नव्हे) म्हटलं की लोक पेन स्टेट या मोठ्या विद्यापीठाचे प्रशिक्षक जो पॅटर्नो यांचं नाव घेतात: ४०९ विजय, म्हणजे विक्रम त्यांचाच. हा आकडा खरा आहे, पण तो फक्त सर्वोच्च श्रेणीपुरता.

एकूण विक्रम आहे जॉन गलार्डी यांचा, ४८९ विजय. त्यातले बहुतेक मिनेसोटातल्या सेंट जॉन्स या बेनेडिक्टाइन साधूंनी स्थापलेल्या छोट्या कॅथलिक कॉलेजातले. १९४९ मध्ये मोंटानातल्या कॅरल या दुसऱ्या कॅथलिक कॉलेजात त्यांनी सुरुवात केली, १९५३ मध्ये सेंट जॉन्सला आले आणि २०१२ पर्यंत तिथेच राहिले. हे कॉलेज तिसऱ्या श्रेणीत खेळतं. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही, त्यामुळे पैशाने खेळाडू ओढून आणण्याचा प्रश्नच नव्हता.

दुसरा समज त्याहून चिवट: सरावात पोरांना एकमेकांवर आदळल्याशिवाय संघ तयार होत नाही. गलार्डींच्या सरावात टॅकलिंगला (समोरच्याला धरून खाली पाडण्याला) बंदी होती. शिट्टी नाही, संघातून कुणाला वगळणं नाही, 'कोच' म्हणणंही नाही. खेळाडू त्यांना सरळ 'जॉन' म्हणत. (आपल्याकडच्या 'सरां'ना हे झेपेल का, शंकाच आहे.) तरीही चार राष्ट्रीय विजेतेपदं आली: १९६३, १९६५, १९७६ आणि २००३. शेवटचं आलं तेव्हा जॉन ७७ वर्षांचे होते.