पांढऱ्या कोंड्याचा वारा

भुवया, नाकाच्या कडा, कानामागची घडी आणि डोकं, या सेबोऱ्हिक डर्मटायटिसच्या ठरलेल्या जागा. त्वचा लाल होते, तेलकट पिवळसर पापुद्रे सुटतात, आणि बरं वाटू लागलं की थंडीत किंवा जागरणांनंतर सगळं परत येतं. कोरियातल्या पारंपरिक वैद्यकात याला जुनं नाव आहे, 'बेकसॉलपुंग', म्हणजे पांढऱ्या कोंड्याचा वारा.

वाऱ्याचा इथे काय संबंध? त्यासाठी 'दोंगुई बोगाम' या जुन्या कोरियन वैद्यकग्रंथाकडे जावं लागतं. राजा सॉन्जोच्या आज्ञेवरून राजवैद्य हो जुन याने १५९६ मध्ये काम हाती घेतलं. पुढच्याच वर्षी जपानी सैन्य पुन्हा चालून आलं आणि सोबतचे वैद्य पांगले. १६०८ मध्ये राजा गेला, त्याचा ठपका राजवैद्यावर आला, आणि हद्दपारीतही हो जुन लिहीत राहिला. १६१० मध्ये पुरे झालेले पंचवीस खंड १६१३ मध्ये छापले गेले. त्यातली मांडणी अशी: त्वचा आणि केस फुप्फुसाच्या ताब्यात; वारा आणि उष्णता वर चढली की टाळू कोरडी पडते, खाजते, पांढरा भुसा झडतो. आपल्या सुश्रुतानेही 'दारुणका'चं, म्हणजे कोंड्याच्या विकाराचं, खापर कफ-वातावर फोडलं होतं, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

घरगुती बाजूही होती. पाचव्या चांद्र महिन्याच्या पंचमीला, दानोच्या सणात, बायका चांगपो उकळलेल्या पाण्याने केस धुवायच्या. चांगपो म्हणजे आपलं वेखंड. बाळाच्या अंगाला लावतात तेच.

युरोपात १८७४ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ मालासे याने कोंड्यातली बुरशी दाखवली, १८८७ मध्ये जर्मन त्वचारोगतज्ज्ञ उन्ना याने या आजाराचं वर्णन केलं. त्या बुरशीचं महत्त्व मात्र १९८० च्या दशकात, किटोकोनॅझोल या बुरशीनाशक औषधाने रुग्ण बरे होऊ लागल्यावरच, नीट पटलं.

दक्षिण कोरियाने १९५१ च्या कायद्याने पारंपरिक वैद्यांना स्वतंत्र परवाना दिला, १९८७ पासून त्यांचे उपचार आरोग्यविम्यात आले. म्हणून तिथे आजही चेहऱ्यावरच्या या पापुद्र्यांसाठी लोक सुया टोचून घेतात, उष्णता उतरवणारे कडू काढे पितात. माझं मत स्पष्ट आहे: या काढ्यांच्या बाजूने मुख्यतः एकेका रुग्णाच्या नोंदी आहेत, तर किटोकोनॅझोलमागे मोठ्या चाचण्या. काढा घ्यायचाच असेल, तर तो बुरशीनाशक शाम्पू बंद करून घेऊ नये, आणि यकृताचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगावं.