प्रिंटरचं कार्ड ओळखावं चिप्सवरून

१९७७ मध्ये आलेल्या अ‍ॅपल टू कॉम्प्युटरचं झाकण उचललं की आत ओळीने आठ स्लॉट दिसतात. प्रिंटर जोडायचा तर त्यातल्या एकात, रिवाजाने १ नंबरच्या, वेगळं कार्ड खोचावं लागे. आज ही कार्डं भंगाराच्या खोक्यात सापडतात ती केबल हरवलेली, स्टिकर उडालेला अशीच.

हातात कार्ड आलं की मी आधी १४८८ आणि १४८९ या चिप्स शोधतो. आतला ५ व्होल्टचा संकेत बाहेरच्या आरएस-२३२ (सीरियल जोडणीचं प्रमाण) तारेसाठी अधिक-उणे व्होल्टात बदलायचा, हे १४८८चं काम. बाहेरून आलेला पुन्हा खाली उतरवायचा, हे १४८९चं. जोडी दिसली की कार्ड सीरियल, म्हणजे बिट एकामागून एक जाणार. जोडी नाही आणि कनेक्टर वीसेक पिनांचा असेल, तर बहुधा पॅरलल. त्यात आठही बिट आठ तारांवर एकदम मांडतात, स्ट्रोबच्या तारेवर ‘घे’ म्हणून टिचकी मारतात, आणि प्रिंटर ‘बिझी’ची तार सोडेपर्यंत थांबतात.

कार्डाचं वय चिपच्या पाठीवर असतं. ८३२७ म्हणजे १९८३चा सत्ताविसावा आठवडा. पण ७४०४ वाचून १९७४ म्हणाल तर फसाल. तो चिपचाच नंबर आहे! शिवाय सॉकेटमधली चिप नंतर कुणी बदललेली असू शकते. आणि ईप्रॉमच्या, म्हणजे प्रोग्रॅम साठवणाऱ्या चिपच्या, काचेवरचा कागद कुतूहलापोटी सोलू नका. आतला प्रोग्रॅम अतिनील किरणांनी पुसला जातो, उन्हात ठेवला तरी हळूहळू जातोच.

तरीही शंका उरली तर कार्डालाच विचारावं. कॉम्प्युटर बंद करून ते १ नंबरच्या स्लॉटमध्ये बसवा, चालू करा आणि बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेत ‘PRINT PEEK(49413)’ टाइप करा, म्हणजे मेमरीतल्या त्या पत्त्यावरचा आकडा दिसेल. मग ४९४१५, ४९४१९ आणि ४९४२० या पत्त्यांवरही तेच. उत्तरं ५६, २४, १ आणि ४९ आली, तर ते अ‍ॅपलचं १९८१चं सुपर सीरियल कार्ड किंवा त्याची हुबेहूब नक्कल. मग त्यावरचा बाण असलेला जंपर ठोकळा, म्हणजे तारांची जोडणी बदलणारा तुकडा, बघा. बाण ‘मोडेम’कडे असेल तर ठोकळा उपटून उलटा बसवायचा, प्रिंटरसाठी तो ‘टर्मिनल’कडे हवा.