देखरेखीखालील पालकभेट

कौटुंबिक हिंसाचारामुळे विभक्त झालेल्या आईवडिलांपैकी ज्याच्याकडे मुलाचा ताबा नाही, त्याने मुलाला तटस्थ व्यक्तीच्या उपस्थितीतच भेटावे, अशी व्यवस्था. ती बहुधा न्यायालयाच्या आदेशाने होते. वेगळे झाले की धोका टळला, असे सहज मानले जाते. प्रत्यक्षात घर सोडल्यानंतरचा काळ अनेकदा अधिक जोखमीचा असतो, आणि मुलाची ने-आण हे दोघांनी समोरासमोर येण्याचे हमखास निमित्त ठरते.

म्हणून भेटकेंद्रात दोघांच्या येण्याच्या वेळा पुढेमागे ठेवतात, शक्य तिथे दारेही वेगळी असतात. भेट संपल्यावर भेटायला आलेल्याला थोडा वेळ थांबवून घेतात, म्हणजे मुलाला घेऊन निघालेल्याचा पाठलाग होत नाही. आत पर्यवेक्षक बोलणे ऐकू येईल इतक्या जवळ बसतो. कुजबुजणे किंवा त्याला न कळणाऱ्या भाषेत बोलणे चालत नाही. ‘हल्ली कुठे राहता?’, ‘घरी कोण कोण येतं?’ असे प्रश्न तो तिथेच तोडतो. गुप्त ठेवलेला पत्ता मुलाच्या तोंडून सहज फुटतो. खेळणीही तपासतात, कारण त्यांत ठावठिकाणा कळवणारे यंत्र लपवता येते. आजी किंवा काकांना पर्यवेक्षक नेमणे सोयीचे असते, पण अशा वेळी आपल्याच नातलगाला ‘नाही’ म्हणणे त्यांना जड जाते.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराच्या ९ व्या कलमाने दोन्ही पालकांशी नियमित संपर्काचा हक्क मुलाला दिला, पण तो त्याच्या हिताविरुद्ध नसेल तरच. हक्क मुलाचा आहे, पालकाचा नव्हे. वकिलांच्या युक्तिवादात नेमके हेच निसटते. महिलांवरील व कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध युरोप परिषदेने केलेल्या २०११ च्या इस्तंबूल कराराचे ३१ वे कलम ताबा व भेट ठरवताना हिंसाचाराच्या घटना विचारात घ्यायला लावते. भारतात २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याच्या कलम २१ नुसार भेट मुलाला घातक वाटल्यास दंडाधिकाऱ्याने ती नाकारायची असते. ‘मुलावर कधी हात उचलला नाही’ हा बचावही आता लंगडा पडतो: इंग्लंड-वेल्सच्या २०२१ च्या कायद्याने हिंसा पाहणाऱ्या-ऐकणाऱ्या मुलालाही पीडित मानले आहे.

खोलीत तासभर नीट वागणे हा माणूस बदलल्याचा पुरावा नव्हे, तरी देखरेख उठवण्यासाठी असेच अहवाल पुढे केले जातात. भेटीआधी पोटात दुखणे, भेटीनंतर रात्री दचकून उठणे यांचीही नोंद त्याच अहवालाशेजारी हवी. मूल जायला नकार देते तेव्हा ‘पढवले आहे’ असा आरोप ठरलेला. त्याआधी हिंसाचाराची चौकशी व्हायला हवी. देखरेखही पुरेशी नसेल तिथे भेटीऐवजी तपासून दिलेली पत्रे, किंवा संपर्क पूर्ण बंद, हे पर्याय असतात.